कार्यक्रम आधी न सांगणारा महोत्सव

प्रेषक: सचिव, सांस्कृतिक समिती
विषय: उन्हाळी सहल – मार्लबरो की टँगलवुड?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

यंदाच्या उन्हाळी सहलीसाठी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या मार्लबरो संगीत महोत्सवाची सूचना काही सभासदांनी केली आहे. समितीच्या बैठकीत तीवर दोन शंका निघाल्या. कोणत्या दिवशी कोणती रचना वाजवली जाणार हे तेथे जेमतेम आठवडाभर आधी जाहीर होते. मग एवढ्या मंडळींची तिकिटे कशाच्या भरवशावर काढायची, ही पहिली शंका. त्याच दिवसांत मॅसॅच्युसेट्समधील टँगलवुड महोत्सवात संपूर्ण वाद्यवृंद ऐकायला मिळत असताना चार-पाच वादकांना ऐकण्यासाठी डोंगरात का जायचे, ही दुसरी. ज्यांना या संगीताचा अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, म्हणजे निर्णय घेणे सोपे जाईल.

आपली,
सचिव

---

प्रेषक: एक जुने सभासद
विषय: उत्तर: उन्हाळी सहल – मार्लबरो की टँगलवुड?

सचिव महोदया, सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर दिले की मार्लबरो म्हणजे काय हेच सांगून होते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

हा महोत्सव १९५१ साली सुरू झाला. पियानोवादक रुडॉल्फ सर्किन, त्यांचे सासरे व्हायोलिनवादक अडॉल्फ बुश, बुश यांचे चेलोवादक बंधू हर्मन आणि बासरीवादक मार्सेल मॉईज, त्यांचे पुत्र लुई व स्नुषा ब्लाँश हे त्याचे संस्थापक. अडॉल्फ बुश यांच्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण महोत्सवाचा स्वभाव त्यांच्याकडून आला आहे असे मला वाटते. ते जर्मनीतल्या अग्रगण्य व्हायोलिनवादकांपैकी होते आणि त्यांच्या नावाचे क्वार्टेट, म्हणजे चार तारवाद्यवादकांचा गट, युरोपभर गाजलेले होते. ते स्वतः ज्यू नव्हते. तरीही १९३३ साली नाझी राजवटीने ज्यूंवर बहिष्कार पुकारल्यावर त्यांनी जर्मनीतले आपले सर्व कार्यक्रम रद्द केले आणि मायदेशातला आपला श्रोतृवर्ग सोडून दिला. पुढे सासरे-जावई दोघेही अमेरिकेत आले. मार्लबरोचा पहिला उन्हाळा पार पडला आणि पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, बुश यांचे निधन झाले. त्यानंतर १९९१ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, सर्किन यांनी तो महोत्सव सांभाळला.

एरवी चेंबर संगीताचा, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताचा, कार्यक्रम कसा उभा राहतो हे पाहिले, म्हणजे या लोकांना काय बदलायचे होते ते कळते. चार नामवंत वादक चार शहरांतून येतात, दोन-तीन दिवस एकत्र तालीम करतात, कार्यक्रम करतात आणि पुढच्या गावी जातात. प्रत्येक जण आपापल्या जागी निष्णात असल्यामुळे वादन उत्तमच होते, पण रचनेविषयी खरा मतभेद होण्याइतका वेळच कोणाकडे नसतो. मार्लबरोला ऐंशीच्या आसपास वादक सात आठवडे एकत्र राहतात. त्यांत पन्नास वर्षे मंचावर काढलेले ज्येष्ठ असतात आणि नुकते शिक्षण संपवलेले तरुणही असतात. गट असे जुळवतात की ज्येष्ठाने शेजारी बसून शिकवायचे नाही, तर तरुणांच्या बरोबरीने त्याच रचनेतला एक भाग वाजवायचा. विख्यात चेलोवादक पाब्लो कसाल्स १९६० पासून १९७३ पर्यंत तेथे येत राहिले. तेव्हा ते ऐंशी-नव्वदीच्या घरात होते.

तालमी अनेक आठवडे चालतात आणि आपली रचना लोकांपुढे नेण्याइतकी पिकली आहे असे त्या गटाला वाटले तरच ती शनिवार-रविवारच्या कार्यक्रमात येते. पुष्कळ रचना तालमीतच राहतात आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. आठवडाभर आधीपर्यंत कार्यक्रम सांगता येत नाही तो याच कारणाने. यात व्यवस्थापनाचा ढिसाळपणा नाही. तयार नसलेली गोष्ट तारीख ठरली आहे म्हणून श्रोत्यांपुढे ठेवायची नाही, हा त्यामागचा निर्धार आहे, आणि श्रोता म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही मनात आपल्यासारखीच धास्ती होती. त्या संध्याकाळी संगीतकार शुबर्टचे सी मेजरमधले क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना, निघाले. ही रचना शुबर्टने १८२८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मृत्यूच्या दोनच महिने आधी पुरी केली, आणि ती जाहीरपणे वाजवली जाण्यासाठी १८५० साल उजाडावे लागले. नेहमीच्या क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनहून थोडे मोठे वाद्य) आणि एक चेलो असतो; त्यात त्याने दुसऱ्या व्हिओलाऐवजी दुसऱ्या चेलोची भर घातली आहे. संथ भागाच्या सुरुवातीला मधली तीन वाद्ये, म्हणजे दुसरे व्हायोलिन, व्हिओला आणि पहिला चेलो, इतक्या लांब श्वासाची धून धरतात की काळ पुढे सरकतो आहे की नाही अशी शंका यावी. वर पहिले व्हायोलिन तुटक शब्द बोलावेत तसे काही स्वर बोलते आणि खाली दुसरा चेलो बोटाने तार छेडतो. त्या मधल्या तिघांत दोन तरुण वादक होते. गज तारेवर इतका सावकाश ओढायचा की आवाज थरथरू नये आणि तिघांचा गज एकाच वेळी वळला तरी ते वळण ऐकू येऊ नये, हे दोन दिवसांच्या तालमीत साधत नाही. तिघांपैकी कोणीही हातांकडे पाहत नव्हते. ते एकमेकांच्या खांद्यांकडे, श्वासाकडे पाहत होते. त्या क्षणी मला तालमीचे सारे आठवडे ऐकू आले असे लिहिले, तर त्यात अतिशयोक्ती नाही.

अशा सहवासातून कायमची क्वार्टेटही जन्माला आली आहेत. ग्वार्नेरी क्वार्टेट १९६४ साली मार्लबरोलाच स्थापन झाले आणि २००९ पर्यंत वाजत राहिले. पंचेचाळीस वर्षांत त्यांच्यातला फक्त चेलोवादक एकदा बदलला.

टँगलवुडविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. १९३७ पासून बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे ते उन्हाळी घर आहे, आणि वाद्यवृंद ऐकायचा असेल तर तेथेच जावे. चेंबर संगीताचाही तेथे मोठा इतिहास आहे: बोझार ट्रिओ या पियानो, व्हायोलिन व चेलो यांच्या त्रिकुटाने आपला पहिला कार्यक्रम जुलै १९५५ मध्ये तेथे केला आणि २००८ साली अमेरिकेचा निरोपही तेथूनच घेतला. या सर्व त्रेपन्न वर्षांत पियानोवर मेनाहेम प्रेस्लर हे एकच गृहस्थ होते. परंतु तेथील मोठ्या मंडपात सुमारे पाच हजार माणसे बसतात आणि त्याहून कितीतरी बाहेर हिरवळीवर असतात. मोठ्या गटाने प्रथमच या संगीताकडे जायचे असेल तर वादकांचा श्वास दिसेल इतक्या जवळ बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून माझे मत मार्लबरोला.

आपला,
एक जुना सभासद

---

प्रेषक: एक सभासद (गायन वर्ग)
विषय: उत्तर: उन्हाळी सहल – मार्लबरो की टँगलवुड?

काका, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. माझे शिक्षण कंठसंगीताचे असल्यामुळे एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्यामागे तंबोरा असतो; षड्ज सतत कानात असतो आणि चुकले तर लगेच कळते. या चार वादकांच्या मागे काहीच नसते, षड्जही जागा बदलत राहतो, आणि त्यांच्या वाद्यांना पडदेही नाहीत. मग चौघांचा सूर एक कसा राहतो? शिवाय उन्हाळ्याच्या दमट हवेत आमच्या तंबोऱ्याच्या खुंट्यासुद्धा हटून बसतात. लाकडाची इतकी नाजूक वाद्ये घेऊन हे लोक नेमका हाच ऋतू का निवडतात?

आपली,
गायन वर्गातील एक सभासद

---

प्रेषक: एक जुने सभासद
विषय: उत्तर: सूर आणि दमट हवा

ताई, सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न क्वार्टेटच्या तालमीतला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि तंबोऱ्याशी बसणाऱ्या माणसाला तो लवकर समजेल. चेलोची सर्वांत खालची तार सी. तिला खर्जातला षड्ज माना. तेथून प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात लावतात: सा, प, मग प चा पंचम रे, त्याचा पंचम ध, आणि ध चा पंचम ग. हा शेवटचा गांधार म्हणजे व्हायोलिनची सर्वांत वरची तार, ई. आता तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार आपल्याला ऐकू येतो, त्याच्याशी ही तार ताडून पाहिली तर ती चढलेली निघते. चारही पंचम अगदी शुद्ध लावले की येणारा गांधार स्वयंभू गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या एक-पंचमांशाहून किंचित अधिक चढा असतो. प्रमाणात सांगायचे तर ८१:८० इतका फरक. म्हणजे प्रत्येक वादकाने आपले वाद्य निर्दोष लावले तरी चौघांचे मिळून बेसूर होते. चूक कोणाचीच नसते.

म्हणून अनेक क्वार्टेटांत पंचम किंचित आखूड ठेवतात: चेलो आणि व्हिओला यांच्या खालच्या तारा कणभर चढवून घेतात, म्हणजे वरच्या ई तारेशी त्यांचे वैर राहत नाही. बाकीचे काम बोटांवर येते. व्हायोलिनवर ए तारेवर पहिले बोट ठेवून बी हा स्वर मोकळ्या ई तारेशी चोख जुळवावा आणि बोट न हलवता तोच स्वर मोकळ्या डी तारेबरोबर वाजवावा; तो लगेच चढा लागतो आणि बोट केसभर मागे घ्यावे लागते. एकच स्वर, पण सोबती कोण यावर त्याची जागा ठरते. चौघांनी प्रत्येक स्वरमेळात आपला सोबती कोण हे ओळखायचे, कोणी स्थिर राहायचे आणि कोणी सरकायचे हे ठरवायचे, आणि ते लयीत चालू असताना करायचे. तालमीत ते एकेक स्वरमेळ खालून वर रचतात: आधी चेलो, मग त्यावर पंचम, आणि गांधार सर्वांत शेवटी. पियानो आला की पुन्हा वेगळी तडजोड, कारण पियानोचा गांधार शुद्धापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा चढा आणि अढळ असतो. तेथे तारवाद्यांनीच पियानोपाशी यावे लागते.

दमट हवेचे म्हणणे अगदी खरे आहे. लाकूड फुगते, खुंट्या अडकतात, गजाचे केस सैल पडतात, पियानोचा ध्वनिफलक फुगून त्याचा सूर चढतो. चेलोच्या तारा उन्हाळ्यात पट्टीपासून वर उचलल्या जातात, म्हणून कित्येक चेलोवादक तारा पेलणाऱ्या दोन घोड्या बाळगतात: हिवाळ्यासाठी उंच आणि उन्हाळ्यासाठी बुटकी. उघड्यावर वाजवणे त्याहून कठीण. मागे भिंत नसली की आवाज परतून येत नाही आणि वादकांना एकमेकांचे ऐकू येईनासे होते. वारा असेल तर स्वरलिपीचे कागद चिमट्यांनी बांधावे लागतात. टँगलवुडच्या १९९४ साली बांधलेल्या ओझावा सभागृहात यावर एक सुंदर तोड काढली आहे: सुमारे १,२०० श्रोत्यांच्या त्या लाकडी सभागृहाची मागची बाजू हिरवळीकडे उघडते, पण वादकांच्या पाठीशी भिंत कायम असते.

एवढे सोसून उन्हाळाच का, तर शिक्षणसंस्था आणि वाद्यवृंद यांचे हंगाम त्याच वेळी बंद असतात. ऐंशी वादकांना सात आठवडे मोकळे करणारा दुसरा ऋतू नाही.

आपला,
एक जुना सभासद

---

प्रेषक: सचिव, सांस्कृतिक समिती
विषय: निर्णय – मार्लबरो

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

समितीने मार्लबरोचा प्रस्ताव एकमताने मान्य केला आहे. ऑगस्टमधील एका रविवारची दुपार धरून तिकिटे मागवत आहोत. हंगाम संपताना बेथोव्हेनची कोरल फँटसी वाजवण्याची तेथे परंपरा आहे, त्या शेवटच्या कार्यक्रमाचाही काहींनी आग्रह धरला होता; परंतु त्यात पियानोबरोबर पूर्ण वाद्यवृंद आणि गायकवृंद असतो आणि आपल्याला या वेळी लहान गटच जवळून ऐकायचा आहे, म्हणून तो पुढील वर्षासाठी ठेवला आहे.

टाळ्यांविषयी दोघांनी विचारले आहे. एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि मधल्या विरामात टाळ्या न वाजवता शेवटपर्यंत थांबण्याची रीत आहे. शेवट झाला की नाही याची खात्री नसेल तर वादकांनी गज खाली घेईपर्यंत थांबावे. लहान मुलांना आणणाऱ्या पालकांनी दाराजवळच्या जागा घ्याव्यात, म्हणजे मूल कंटाळल्यास दोन भागांमधल्या विरामात सहज बाहेर पडता येईल.

महोत्सवाने कार्यक्रम जाहीर केला की त्याच दिवशी तो येथे कळवीन. निघण्यापूर्वीच्या शनिवारी गायन वर्गाच्या खोलीत ताई तंबोरा आणि काका व्हायोलिन घेऊन येणार आहेत. तंबोऱ्याचा षड्ज डी तारेशी जुळवून ए तारेवरच्या त्या बी स्वराचे, म्हणजे आपल्या धैवताचे, दोन्ही रूप ते ऐकवतील. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला गुरुवारपर्यंत कळवावे.

आपली,
सचिव