शब्दचर्चा: कॉपीराइटच्या आडून होते ती मुस्कटदाबी की परिनिरीक्षण?

पायवाट: आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या नाल्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला होता. पलीकडे हळदीचा मांडव, गाणी दणक्यात. सकाळी बघतो तर व्हिडिओ मुका! गाण्यावर म्हणे कुणाचा तरी हक्क आहे. 'आठ दिवसांत करून देतो' हे आमच्या नगरसेवकांचं वाक्य नेमकं त्यात गेलं. ते असो. हे चुकून झालं, पण असा दावा मुद्दाम ठोकून नकोसा मजकूर उतरवायला लावतात, त्याला मराठीत काय म्हणावं? मी 'सेन्सॉरशिप' लिहिलं, तर मित्र म्हणतो 'परिनिरीक्षण' लिही.

खिळेजुळारी: परिनिरीक्षण अजिबात नको. आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. तिथे नाटकाची संहिता जाते, कुणीतरी ती वाचतं, मग काय ते 'वगळा' म्हणतं. राग येवो, पण निदान वाचतं! इथे वाचतो कोण? नोटीस आली की कंपनी आधी मजकूर उतरवते, कारण ठेवला तर जबाबदारी तिच्या गळ्यात. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने ही वहिवाट पाडली. निरीक्षणच नाही, तर 'परि' कुठून आणायचं?

मोरावळा: मग विश्वकोशातलं 'अभ्यवेक्षण'?

खिळेजुळारी: त्यातही 'ईक्षण', म्हणजे बघणं, आहेच की. शिवाय तो शब्द उच्चारेपर्यंत व्हिडिओ उतरलेला असेल.

सायली_ठाणे: मी वकिली करते, म्हणून दुसऱ्या टोकाने सांगते. आधी कॉपीराइटचा मराठी शब्द 'प्रताधिकार' फोडून बघा. प्रत अधिक अधिकार. हक्क प्रतीवर आहे, विषयावर नाही. २००३ मध्ये अमेरिकेत डीबोल्ड या मतदान यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची अंतर्गत ईमेलं फुटली. यंत्रांतले दोष कर्मचारीच एकमेकांना कळवत होते. विद्यार्थ्यांनी ती ईमेलं संकेतस्थळांवर ठेवली, तर कंपनीने प्रताधिकाराच्या नोटिसा धाडल्या. आता ईमेल काय कुणी विकत घेऊन वाचणार होतं? बुडणार होती ती अब्रू, कमाई नव्हे. २००४ मध्ये न्यायालयाने ठरवलं की काही ईमेलांच्या बाबतीत कंपनीने जाणूनबुजून खोटा दावा केला, आणि तिला सव्वा लाख डॉलर भरावे लागले. प्रतीचा हक्क दाखवून विषयच दाबायचा, म्हणून मी 'मुस्कटदाबी' म्हणेन.

पायवाट: 'गळचेपी' का नको?

सायली_ठाणे: माझ्या कानाला गळचेपीत जीवच जातो, मुस्कटदाबीत तोंड तेवढं बंद होतं, हात काढला की माणूस पुन्हा बोलतो. आपल्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांत तो हात किती वेळ ठेवायचा तेही आहे. तक्रार आली की ३६ तासांत मजकूर बंद करायचा, आणि २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर पुन्हा खुला करता येतो. प्रचाराच्या धामधुमीत हे २१ दिवस मोजून बघा.

मोरावळा: जरा थांबा. अख्ख्या दिवाळी अंकाची पीडीएफ फिरवायची आणि लेखकाने ती काढायला लावली की 'मुस्कटदाबी' म्हणून गळा काढायचा, हेही रोज बघतो. त्याला चोरी पकडणं म्हणतात. शब्द सरसकट वापरला तर त्याची धार जाईल.

सायली_ठाणे: मान्य. १९५७ च्या आपल्या कायद्यातलं कलम ५२ वाचा. टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्त यांसाठी रास्त उपयोग चालतो. असा उपयोग असूनही दावा ठोकला, तरच मुस्कटदाबी. पीडीएफवाल्यांनी या शब्दाला हात लावू नये.

खिळेजुळारी: मूळ शब्दाची गंमत सांगतो. लंडनच्या छापखानेवाल्यांच्या संघात 'कॉपी' म्हणजे छापायला घेतलेला मजकूर. आपल्या वर्तमानपत्रांत अजून 'कॉपी टाकली का?' विचारतात, तीच ही. या संघाला १५५७ मध्ये राजसनद मिळाली. छपाईची मक्तेदारी संघाला, आणि राजाला नकोशी पुस्तकं शोधून जप्त करायचं कामही त्याच संघाला. लेखकाच्या नावाने हक्क आला तो १७१० च्या कायद्याने. म्हणजे कॉपीराइट आणि सेन्सॉरशिप ही दोन भावंडं एकाच घरात वाढली.

पायवाट: मग माझ्या नाल्याच्या व्हिडिओला काय म्हणू? दाबणारं कुणी नव्हतंच, यंत्राने गाणं ओळखलं आणि आवाज कापला.

मोरावळा: तुमचं अपघाताने झालं, तेच कुणी हेतूने करतं. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात ऑकलंडला एका पोलिसाने चित्रीकरण चालू असताना मोबाइलवर गाजलेलं गाणं लावलं, आणि कशासाठी तेही सांगून टाकलं: व्हिडिओ यूट्यूबवर चढू नये म्हणून. चढलाच, आणि गाण्यासकट जगभर फिरला!

खिळेजुळारी: याला 'मुस्कटदाबी' म्हणवत नाही. 'बेंडबाजा लावणं' म्हणा. पायवाट, तुमचं मात्र नुसतं 'आवाज गेला'.

पायवाट: बरं. पण मुलगा विचारतोय, कॉपीराइटवरून यूट्यूब ताकीद देतं ना, ती स्ट्राइक 'आला' की 'आली'?

मोरावळा: आमच्याकडे 'बसली'.