५.१ चं गाणं गाडीत लावलं तर गाणारी बाईच गायब!

राऊवाला_७९
नमस्कार मंडळी. गाडी साधी आहे, दहा वर्षं जुनी हॅचबॅक. दिवाळीत अँड्रॉइड स्टिरिओ बसवला, चार दारांत चार स्पीकर, डिक्कीत एक ऍम्प आणि छोटा वूफर. दुकानदार म्हणाला "भिया फुल सराउंड है, सेटिंग में ऑन कर लेना बस". माझ्याकडे कॉन्सर्टच्या जुन्या डीव्हीड्या बऱ्याच आहेत, सगळ्या ५.१, म्हणजे आवाजाचे सहा वेगळे चॅनेल. घरी होम थिएटर आहे पण वर भावाकडे बाळ आलंय, जरा आवाज चढवला की वहिनी जिन्यात उभी, म्हणून म्हटलं आता गाडी हीच आपली मैफल. गाणी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाईलमध्ये) काढली, सहाचे सहा चॅनेल ठेवून, पेन ड्राइव्हवर टाकली आणि रविवारी उज्जैनला निघालो. सांवेरपर्यंत डोकं खाजवतोय! तबला आहे, सतार आहे, टाळ्या आहेत, गाणारी बाईच नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, विहिरीतून आल्यासारखा नुसता घुमारा येतो. मागे आई बसली होती ती म्हणे "हे कराओके का लावलंस?" रेडिओ, यूट्यूब सगळं व्यवस्थित वाजतं. स्पीकर गेला की काय?

छप्पनचा_जॉनी
एका स्पीकरची वायर उलटी लागलीये, प्लसच्या जागी मायनस. अशाने मधला आवाज पातळ होतो आणि बेस पण जातो. दुकानात जाऊन बदलून घ्या, पाच मिनिटांचं काम.

फेडर_आणि_फोडणी
जॉनीभाऊ, वायर उलटी असती तर रेडिओलाही तेच झालं असतं ना. ते तर म्हणतायत रेडिओ ठीक आहे. भानगड फाईलची आहे.

५.१ च्या फ्लॅकमध्ये चॅनेल एका ठरलेल्या ओळीने असतात: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, वूफरचा, मग मागचे दोन. कॉन्सर्टमध्ये गायकाचा आवाज बहुतेक तिसऱ्यात, म्हणजे मधल्यात टाकलेला असतो. तुमच्या स्टिरिओला सहा चॅनेल दोनात मिसळता येत नाहीयेत असं दिसतंय, तो पहिले दोन उचलतो आणि बाकीचे चार सोडून देतो. म्हणून बाई गेली. घुमारा येतोय तो पुढच्या डाव्या-उजव्यात सांडलेला हॉलचा आवाज.

खात्री करायची तर घरी कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये फाईल उघडा, सहा पट्ट्या एकाखाली एक दिसतील. तिसरी सोडून सगळ्या म्यूट करा. बाई एकटी गाईल. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्री दोनपर्यंत तेच ऐकत बसलो होतो, श्वास घेतलेला पण ऐकू येतो.

उपाय: घरीच दोन चॅनेलची कॉपी बनवा. मधला चॅनेल दोन्हीकडे सारखा, ३ डेसिबलने कमी करून, मागचा डावा डावीकडे, मागचा उजवा उजवीकडे, ते पण थोडे कमी. वूफरचा चॅनेल सोडून दिलात तरी चालतं, संगीतात बेस बाकीच्यांतही असतोच. एक्स्पोर्ट करताना आवाज फाटत नाही ना तेवढं बघा.

आणि तो "सराउंड" स्विच बंद करा बरं. ते सराउंड नाहीच, दोनच चॅनेलना घुमवून चार दारांत वाटतात. मागच्या दारांना वेगळं काही मिळतच नाही. खरं ५.१ हवं तर सहा आउटपुटवाला प्लेअर, तेवढ्या चॅनेलचे ऍम्प, डॅशबोर्डवर मधला स्पीकर... त्यापेक्षा वहिनींशी तह करा 😄 ब्लूटूथने पण होणार नाही, गाडीत त्यावरून दोनच चॅनेल जातात.

डीटीएसचा_बळी
तुम्हाला निदान तबला तरी ऐकू आला. मी डीटीएसची (सराउंड आवाज कोड करून भरलेली) ऑडिओ सीडी आणली होती त्या काळी, मोठ्या हौसेने गाडीच्या साध्या सीडी प्लेअरमध्ये घातली, आवाज फुल, आणि जे सूंsss झालं ना, पलासियाच्या सिग्नलवर बाजूचा रिक्षावाला दचकून बघायला लागला. त्यात डीटीएसचा डेटा साध्या सीडीसारखाच भरलेला असतो, डिकोडर नसला की प्लेअर त्यालाच गाणं समजून वाजवतो.

बाकी गाडीत खरं सराउंड होतच नाही असं मात्र नाही हं. अमेरिकेत २००४ च्या अक्यूरा टीएलमध्ये डीव्हीडी-ऑडिओ कंपनीतूनच यायचं. आपल्याकडे महिंद्राच्या बीई ६ मध्ये १६ स्पीकर आणि डॉल्बी ऍटमॉस मिळतं. भाच्याच्या मित्राकडे बसून ऐकलं, उभ्या गाडीत अंगावर काटा आला. बायपासला लागल्यावर टायरचा आवाज सुरू झाला आणि मागचे बारीक आवाज सगळे गेले, उरलं ते चांगलं स्टिरिओ.

सिमरोल_घाटातून
वरच्यांशी अर्धा सहमत. लोक म्हणतात गाडी ऐकायला वाईट जागा, माझं उलट आहे. घरी तुम्ही सोफ्यावर कुठे पण लोळता, गाडीत ऐकणाऱ्याची खुर्ची ठरलेली, स्पीकर ठरलेले, मग एकदा हिशोब बसवला की बसला. फक्त तो हिशोब कोणी करत नाही.

स्टिरिओत टाइम अलाइनमेंट किंवा डिले असं काही आहे का बघा. टेप घेऊन ड्रायव्हर सीटवर बसा, कानापासून उजव्या दाराचा स्पीकर मोजा, मग डाव्याचा. समजा ९० आणि १४० सेंमी आले. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंमी जातो, म्हणजे उजवा दीड मिलिसेकंद आधी पोचतो आणि सगळं गाणं तुमच्या उजव्या गुडघ्याशी जमा होतं. उजव्याला १.५ चा डिले द्या. बाई उचलून डॅशबोर्डवर येऊन बसते, मधला स्पीकर नसताना! मग फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांचा तोल) पुढे घ्या, मागचे स्पीकर जेमतेम जाणवतील इतकेच ठेवा. हे फक्त ड्रायव्हरसाठी हां, आईंना मागे काही फरक कळणार नाही, झाला तर वाईटच होईल.

अजून एक, ऍम्प बसवलाय तर बॅटरीकडून येणाऱ्या मोठ्या वायरवर फ्यूज बॅटरीजवळ आहे ना? हे आधी बघा, गाणी नंतर.

राऊवाला_७९
फेडरभाऊ, बरोब्बर! तिसरी पट्टी एकटी वाजवली, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, म्हणे कोण आलंय गायला. चौदा गाण्यांच्या कॉपी केल्या रात्री, सकाळी पोहे आणायला निघालो आणि मुद्दाम राजवाड्याला वळसा घालून आलो.

डिले सापडला, पण ८८ आणि १३१ आले, मग १.३ ठेवला. डॅशबोर्डवर नाही, थोडी डावीकडे गेलीये बाई, आरशाच्या पलीकडे. १.१ करून बघतो.

फ्यूज ऍम्पजवळ आहे, डिक्कीत. बॅटरीजवळ काहीच नाही, वायर सरळ निघालीये. दुकानदाराला फोन केला तर म्हणे "कुछ नहीं होता भिया". वायर काढून ठेवलीये, तूर्त वूफर बंद.

सिमरोल_घाटातून
बरं केलंत. अर्ध्या मीटरच्या आत बसवून घ्या, दुसरीकडून. आणि १.२ ट्राय करा.