प्रति: अठरा झाली की पाटी कोरी?
अल्पवयात हातून गुन्हा घडला तरी 'अठरा पूर्ण झाली की पाटी कोरी होते, मग पुढे नुकसान ते कसलं' हे या चर्चेतलं वरचं म्हणणं कागदावर बरंचसं बरोबर आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की या कायद्याखाली प्रकरण चाललेल्या मुलाला त्या गुन्ह्यामुळे पुढे कशासाठीही अपात्र ठरवायचं नाही. (सोळा ओलांडलेल्या ज्या मुलावर बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध होतो, त्याला ही सूट नाही. पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर मे २०२४ मध्ये सगळे त्याला 'प्रौढ समजा'वरच भांडत होते.) पण कलम ७४ इथे कुणी काढलंच नाही. प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

हे आमच्या गल्लीतल्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. सोळाव्या वर्षी गणपतीतल्या मारामारीत सापडला, बाल न्याय मंडळाने समज देऊन सोडला. शाळा तेव्हाच सुटली, दहावी पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसून केली. एकविसाव्या वर्षी सिक्युरिटीच्या नोकरीसाठी अर्ज भरताना 'पूर्वी गुन्हा दाखल आहे का' यापुढे बिचाऱ्याने प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं. ओळखीच्या वकिलांनी कलम दाखवून पत्र दिलं, तोवर जागा भरली होती. आता तो टेम्पो चालवतो, बरं चाललंय. पण परवा भावाच्या पासपोर्टसाठी पोलीस घरी चौकशीला येणार म्हटल्यावर हा सकाळीच गाडी घेऊन सासवडला निघून गेला.