पहिली सहा वर्षं : घराबाहेरचं कोण कामी आलं?

मागच्या आठवड्यात भाची म्हणाली, "मावशी, मूल आईबापच वाढवतात गं, बाकीचे नुसते सल्ले देतात." तिचं बाळ आठ महिन्यांचं, रात्रीची झोप नाही, त्यामुळे मी वाद घातला नाही. पण विषय डोक्यातून जाईना. तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या पहिल्या सहा वर्षांत घराबाहेरचं कोण कामी आलं? सल्ले नकोत, या धाग्यावर घडलेलं लिहा. माणसांची नावं गाळा.

सुरुवात मी करते. माझं आजोळ पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीचं. तिथे 1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बालवाडी काढली, सोबत अनुताई वाघ. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उठून पाड्यावर गेली आणि सारवलेल्या अंगणात बसली. 'अंगणवाडी' ती अशी. सरकारी अंगणवाडी योजना आली तीस वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला. आजी सांगायची, त्या बाया आधी मुलांना आंघोळ घालायच्या, नखं कापायच्या, मग गाणी. आजीला गाण्यांपेक्षा त्या नखांचंच कौतुक जास्त!

अंगणवाडी सेविका, जव्हार तालुका

आमच्याकडे अमृत आहार योजनेत गरोदर आणि बाळंतीण बाईला एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. सुरुवातीला बाया येत, पण डबा घेऊन घरी जात. घरी सासू, नणंद, मोठी पोरं. बाईच्या वाट्याला दोन घास. मी रागावले, काही फरक नाही. मग एका सासूनेच मला सुनावलं, "सून एकटी बाहेर बसून जेवते, बरं दिसतं का?" पटलं मला. पुढच्या आठवड्यात सगळ्या सासवांना बोलावलं आणि पंगतीत आधी त्यांना बसवलं. सामान पाड्यानेच दिलं. कोणी नाचणीचं पीठ, कोणी शेवग्याचा पाला. त्यानंतर सासवाच सुनांना हाताला धरून आणायला लागल्या. "खा, उठू नको" हे माझं वाक्य त्या म्हणायच्या.

पण दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. वीटभट्ट्यांवर जातात सगळे. जाताना दहा किलोचं असलेलं पोर शिमग्याला साडेनऊचं होऊन येतं. काट्यावर ठेवताना आईकडे बघवत नाही. हल्ली मी निघतानाच भट्टीचं गाव विचारून ठेवते आणि तिथल्या सेविकेला फोन करते. सगळ्याच उचलत नाहीत.

मूळ बीड जिल्हा, आता पुण्यात नोकरी

मी उसाच्या फडात वाढलो. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, माणसं मोजायचीच नाहीत. आईबाप पहाटे चारला फडात, मी आणि बहीण कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. ती सात वर्षांची, मी तीनचा. म्हणजे मला सांभाळायला तिची शाळा बुडाली. हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली.

एका हंगामात टोळीतल्या एका म्हातारीला मोळ्या बांधणं जमेना. मुकादम तिला परत धाडणार होता. बायांनीच ठरवलं : म्हातारीने कोपीवर थांबून सगळी लेकरं बघायची, प्रत्येक घराने तिला दिवसाला एक भाकरी द्यायची, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेल्या पैशातून थोडे तिला. ती काही शिकवत नव्हती. चिपाडांची बैलगाडी करून द्यायची आणि भुताच्या गोष्टी सांगायची. पण त्या हंगामात बहीण जवळच्या साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेत, गेली. ती आज सही करते, बँकेचे कागद स्वतः वाचते, ते त्या पाच महिन्यांच्या जोरावर. म्हातारी पुढच्या वर्षी आली नाही.

अंगणवाडी मदतनीस, लातूर

मी लिहीत नाही, मुलगी टाइप करते. सेविकाताईचं सगळे लिहितील. मुलांना घरून बोलावून आणते ती मदतनीस, खिचडी शिजवते ती मदतनीस, चड्डी धुते तीही मदतनीस. एवढंच.

साइट इंजिनिअर, पिंपरी-चिंचवड

तेव्हा लागू असलेल्या 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर मुलांसाठी खोली आणि सांभाळायला बाई हवी असायची. आमच्या ठेकेदाराच्या यादीत बायका कायम पन्नासच्या आत! शेवटी समोरच्या इमारतीतल्या निवृत्त बायकांनी पार्किंगमध्ये दुपारचे तीन तास मुलं घ्यायला सुरुवात केली. सोसायटीच्या सभेत भांडण झालं, पाण्याचा प्रश्न निघाला. तरी सात महिने चाललं. मग साइट संपली आणि मुलं गेली. कुठे, माहीत नाही.

सेविका, शहरी प्रकल्प (जिल्हा सांगत नाही)

छान छान वाचून झालं असेल तर माझंही ऐका. दहा बाय दहाची भाड्याची खोली. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपमध्ये माहिती भरेपर्यंत मुलांचं गाणं अर्धवट राहतं. डिसेंबर 2023 मध्ये आम्ही संपावर गेलो, तेव्हा काही पालक चिडले, "पोरांचा आहार बंद केलात." माझ्या वस्तीतल्या दोन आया मात्र मोर्चाच्या दिवशी माझ्या मुलाला ठेवून घ्यायच्या. लोकसहभाग म्हणून भिंतीवर फळं रंगवून मिळतात; मानधनाच्या वेळी लोक कुठे असतात? मला त्या दोघी आठवतात.

बाबा, सांगली

मुलगा अडीच वर्षांचा, बोलत नव्हता. घरचे म्हणायचे, मुलगे उशिरा बोलतात, तूही उशिराच बोललास. अंगणवाडीच्या ताईंनी त्याच्या पाठीमागे डफली वाजवली. बाकीची पोरं वळली, हा ठोकळ्यांशी खेळत राहिला. ताईंनी मला तेव्हा काहीच सांगितलं नाही. तीन दिवस वेगवेगळ्या वेळी वाजवून पाहिलं, मग घरी आल्या. मुलांची आरोग्य तपासणी करणारं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पुढच्या फेरीची वाट न बघता त्यांनी आम्हाला सरळ जिल्हा रुग्णालयात धाडलं. मी त्यांच्यावर ओरडलो होतो. दारातच. "माझ्या मुलाला बहिरा म्हणता?" दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, चिठ्ठी लिहूनच.

आता तो पाच वर्षांचा आहे, कानाला यंत्र लावतो. गल्लीतली पोरं त्याच्याशी खेळताना आधी खांद्याला हात लावून मग बोलतात. हे त्यांना ताईंनी शिकवलं की ती आपोआप शिकली, विचारायचं राहून गेलं.

धागाकर्ती

सांगलीच्या बाबांनो, तो ओरडण्याचा भाग लिहिलात म्हणून विशेष आभार. बीडच्या भाऊ, बहिणीलाही इथे लिहायला सांगा ना.

धागा भाचीला पाठवला होता. तिचं उत्तर आलं : "वाचते नंतर. तू आत्ता दोन तास येतेस का?"

निघते. बाकीचे लिहीत राहा.