मदत हवी आहे: कर्नल ५.१० ला २०२६ पर्यंत आधार, मग ओपन-डब्ल्यूआरटी २२.०३ बंद कसं?

धागाकर्ती (चोपडा), १२ मे २०२५

नमस्कार मंडळी,

चोपड्यात आम्ही वर्गणीवर एक अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच असतात. परीक्षेचे फॉर्म, शुल्क, ओटीपी, टेस्ट सिरीज, सगळं आमच्याच वायफायवरून होतं. त्यामुळे राउटरच्या सुरक्षेचा विषय माझ्यासाठी महत्त्वाचा आहे.

मांडणी अशी, राउटर सगळे टीपी-लिंकचे: फायबरच्या डब्यामागे आर्चर ए६ व्ही३ (१६ एमबी फ्लॅश म्हणजे साठवणीची जागा, १२८ एमबी रॅम). वरच्या दोन्ही हॉलमध्ये डब्ल्यूआर८४१एन व्ही१३ (८ एमबी, ६४ एमबी). जिन्याखाली प्रिंटरजवळ त्याच मॉडेलचा जुना व्ही९ (४ एमबी, ३२ एमबी). पहिल्या तिघांवर ओपन-डब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरवर चढवायची, लिनक्सवर बेतलेली मोफत प्रणाली) २२.०३ आहे, व्ही९ वर १९.०७.

आता प्रश्न. २२.०३ मध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.१० आहे. लिनक्सच्या यादीत ५.१० दीर्घ मुदतीचा असून त्याला डिसेंबर २०२६ पर्यंत आधार दिसतो. पण ओपन-डब्ल्यूआरटीच्या पानावर २२.०३ संपलेली दाखवतात. मग खरं काय धरायचं? डिसेंबर २०२६ पर्यंत आहे तिथेच थांबलं तर चालेल का? व्ही१३ मध्ये आत्ताच जागा जेमतेम आहे, नवा कर्नल आणखी मोठा असणार. आणि सगळे राउटर एकदम बदलण्याइतकी वर्गणी या वर्षी तरी जमणार नाही.

पारोळेकर

ताई, चाली ऱ्हायनं ना? मंग कसाले हात लावतस? आपल्या गावातल्या अभ्यासिकेचा राउटर कोण फोडणार आहे? मे महिन्यात ४५ अंशात डबा तग धरून आहे हेच खूप समजा.

तापीकाठ (भुसावळ)

पारोळेकर भाऊ, हे काही पटत नाही. इंटरनेटवरून चाचपडणारे प्रोग्राम तालुका बघून येत नाहीत, सगळे पत्ते ओळीने तपासतात. वायफायचं तर वेगळंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्सच्या वायफाय भागात अशा चुका सापडल्या की रेडिओच्या टप्प्यात उभं राहून बनावट फ्रेम (वायफायचे संदेश) सोडल्या तरी त्या गाठता येत होत्या. पासवर्डची गरजच नव्हती. ओपन-डब्ल्यूआरटीने त्यासाठी २१.०२.५ आणि २२.०३.२ लगोलग काढल्या. जिथे दिवसभर अनोळखी फोन आणि लॅपटॉप ये-जा करतात तिथे ही भीती काल्पनिक नाही.

ताई, तुम्ही दोन वेगळ्या मुदती एक धरताय. डिसेंबर २०२६ ही मुदत कर्नलवाल्यांची. ग्रेग क्रोह-हार्टमन आणि साशा लेविन त्या शाखा सांभाळतात, ते ५.१० मध्ये दुरुस्त्या घालून नवे अंक (छोट्या उपआवृत्त्या) काढत राहतील. त्या दुरुस्त्या तुमच्या डब्यात पोचवणं हे ओपन-डब्ल्यूआरटीचं काम, आणि २२.०३ साठी त्यांनी ते थांबवलं. शेवटची आवृत्ती २२.०३.७, जुलै २०२४. हतनूर धरणात पाणी असलं तरी पाटाचं गेट बंद असेल तर ते शेतात येत नाही. २२.०३.७ मध्ये ५.१० चा जो अंक होता, तोच आज तुमच्या भिंतीवर चालतोय.

त्यांचा नियम सरळ आहे: आवृत्ती आल्यापासून एक वर्ष किंवा पुढची मोठी आवृत्ती आल्यावर सहा महिने, यातलं जे उशिरा येईल तोपर्यंत आधार. २४.१० फेब्रुवारी २०२५ मध्ये आली, म्हणून २३.०५ ऑगस्ट २०२५ पर्यंत. तेव्हा आता २३.०५ वर मुक्काम करण्यात अर्थ नाही, थेट २४.१० वर जा. त्यात कर्नल ६.६ आहे.

धागाकर्ती

आभारी आहे, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग नुसता कर्नल बदलता येणार नाही का? बाकी सगळं २२.०३ चंच ठेवून?

तापीकाठ (भुसावळ)

पॅकेज मॅनेजरने नाही. लॅपटॉपवर कर्नल अपडेट होतो तसं इथे होत नाही. राउटरमध्ये कर्नल आणि मूळ फाइल सिस्टम एकाच इमेजमधून (चढवायच्या तयार फाइलमधून) फ्लॅशवर जातात. शिवाय कर्नलचं प्रत्येक मॉड्यूल (जोडभाग) नेमक्या त्याच बिल्डला (सोर्सवरून तयार केलेल्या प्रतीला) बांधलेलं असतं. बिल्डच्या सेटिंगचा हॅश (त्यावरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळला नाही तर मॉड्यूल बसत नाही.

सोर्सवरून स्वतः बिल्ड करायचं असेल तर रस्ता आहे. २२.०३ च्या सोर्समध्ये कर्नलचा अंक आणि त्याचा हॅश एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेला असतो, तो पुढचा करायचा. पण ओपन-डब्ल्यूआरटी कोरा कर्नल वापरत नाही. त्यावर पॅचचे (कोडमधल्या छोट्या बदलांचे) ढीग असतात, तीन फोल्डरमध्ये: बॅकपोर्ट म्हणजे नव्या कर्नलमधून मागे आणलेले, पेंडिंग म्हणजे मूळ लिनक्समध्ये जायची वाट बघणारे, आणि हॅक म्हणजे तिकडे कधी घेतलेच जाणार नाहीत असे. शिवाय तुमच्या चिपचे वेगळे. अंक पुढे सरकला की यातले काही पॅच आधीच मूळ कर्नलमध्ये आलेले निघतात, काही बसत नाहीत, आणि ते हाताने सोडवावे लागतात. एका आवृत्तीसाठी एकच कर्नल धरून ती शाखा ठराविक काळाने बंद का करतात, ते इथे कळतं. हे काम मोजकी माणसं आपला वेळ देऊन करतात, आणि त्यांनी पाच शाखा सांभाळाव्यात असं म्हणणं मला तरी योग्य वाटत नाही.

आणि समजा तुम्ही हे केलंत, तरी सुधारला फक्त कर्नल. डीएनएसमास्क (पत्ते वाटणारा), होस्टएपीडी (वायफाय चालवणारा), ड्रॉपबेअर (दुरून लॉगिनचा), टीएलएसची म्हणजे सुरक्षित जोडणीची लायब्ररी, हे सगळं २०२४ चंच राहणार. वायफायचे ड्रायव्हरही कर्नलच्या अंकाबरोबर येत नाहीत. ओपन-डब्ल्यूआरटी ते वेगळ्या, नव्या कर्नलमधून घेऊन वर बसवतं. म्हणजे ५.१० चा अंक कितीही पुढे नेला तरी वर सांगितल्यासारखी वायफायमधली चूक तेवढ्याने बुजेलच असं नाही.

शिरपूरचा पाहुणा

कर्नलची दीर्घ मुदत सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणली असं वाचलं होतं. मग पुढे काय?

तापीकाठ (भुसावळ)

हो, सप्टेंबर २०२३ मध्ये ते जाहीर झालं. सहा वर्षं सांभाळायला माणसं नव्हती आणि जुन्या शाखा वापरणारेही थोडे. कारखाने, वीजकेंद्रं अशा ठिकाणांसाठी सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा प्रकल्प काही निवडक कर्नल दहा वर्षं सांभाळतो, ५.१० त्यातही आहे. पण तिथूनही तयार इमेज आपल्या राउटरला मिळत नाही. ओपन-डब्ल्यूआरटीवाल्यांची फार अडचण व्हायची नाही. ते दर मोठ्या आवृत्तीला नवा दीर्घ मुदतीचा कर्नल घेतातच: १९.०७ ला ४.१४, २१.०२ ला ५.४, मग ५.१०, ५.१५ आणि आता ६.६. अडचण आपली, ज्यांची फ्लॅश वाढत नाही त्यांची.

केळीबाग (रावेर)

ताई, व्ही१३ चं मी सांगतो, आमच्या केळीच्या वखारीत तोच आहे आणि २४.१० वर चालतो. जागेचं गणित असं: पॅकेज नंतर टाकलं की ते ओव्हरलेमध्ये (फ्लॅशच्या लिहिता येणाऱ्या भागात) जाऊन जास्त जागा खातं. तेच इमेज बिल्डरने (ओपन-डब्ल्यूआरटीचं इमेज तयार करायचं साधन) इमेजमध्येच घातलं की स्क्वॉशएफएसमध्ये, म्हणजे फक्त वाचायच्या भागात, जास्त दाबून बसतं. लागणारी पॅकेज आत घाला, नको ती काढा. तुमचं इंटरनेट आर्चरवरून येतं, मग वरच्या व्ही१३ ला पीपीपी (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करणारा भाग) कशाला? तेही काढा. टीएलएससाठी २३.०५ पासून वुल्फएसएसएलऐवजी एम्बेडटीएलएस येतं, ते आकाराने लहान आहे. रॅमसाठी झेडरॅम-स्वॅप (रॅममधला मजकूर दाबून जागा करणारं पॅकेज) जरूर घाला.

दुसरं, व्ही१३ ना नुसते अ‍ॅक्सेस पॉइंट करा. डीएचसीपी (पत्ते वाटणं), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), फायरवॉल तिथे बंद, ते सगळं आर्चर बघेल. ६४ एमबीत श्वास घ्यायला जागा मिळते आणि उघडे दरवाजेही कमी होतात.

२२.०३ वरून थेट २४.१० ला सेटिंग जपून जाण्याला अधिकृत आधार नाही. बॅकअप काढा, पण तो वाचण्यापुरता, जसाच्या तसा परत चढवू नका. सेटिंग न जपण्याचा पर्याय निवडून फ्लॅश करा आणि नव्याने भरा. लाइट जायची वेळ टाळा, इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम. अडकलाच तर व्ही१३ टीएफटीपीने (केबलवरून फाइल देण्याची साधी पद्धत) उठतो: लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ पत्ता द्या, रिसेट दाबून राउटर चालू करा, तो स्वतः फाइल मागतो.

धागाकर्ती

दादा, फार मोठी मदत झाली. आधी आर्चर, मग एका हॉलचा व्ही१३, तो पूर्ण आठवडा नीट चालला तरच दुसरा, असं ठरवते. मधल्या काळात मुलांचे फॉर्म अडायला नकोत. व्ही९ चं काय करू? तो फेकवत नाही.

केळीबाग (रावेर)

४ एमबीवाल्यांसाठी १९.०७.१० ही शेवटची अधिकृत इमेज, एप्रिल २०२२ ची. त्यातल्या ४.१४ ला कर्नलवाल्यांचा आधारही जानेवारी २०२४ मध्ये संपला. त्याचं वायफाय बंद करा, वॅन पोर्ट मोकळा ठेवा आणि प्रिंटरच्या टेबलाला नुसता स्विच म्हणून वापरा. त्याला स्थिर पत्ता द्या, आणि त्या पत्त्यावरून बाहेर इंटरनेटला जाणारी वाट आर्चरच्या फायरवॉलमध्ये बंद करा. वर्गणी जमली की पहिल्यांदा त्याच्या जागी पाच पोर्टचा साधा स्विच आणा. नंतरचे पैसे हॉलच्या राउटरसाठी ठेवा, आणि घेताना निदान १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम बघा. दुकानात खोक्यावरचं मॉडेल पाहून घेऊ नका, डब्याखालच्या स्टिकरवरची व्हर्जन वाचा. तुमचे व्ही९ आणि व्ही१३ नावाने एकच आहेत, आतून अगदी वेगळे.

पारोळेकर

माझं म्हणणं मागे घेतो. आमच्या पतसंस्थेतही व्ही९ च आहे, उद्याच त्याचं वायफाय बंद करतो.

धागाकर्ती, १९ मे २०२५

आर्चर ए६ वर २४.१० चढवलं, सेटिंग नव्याने भरली, सगळं सुरळीत. आज वरच्या हॉलचा पहिला व्ही१३ झाला. इमेज बिल्डरने पीपीपी काढून, झेडरॅम-स्वॅप घालून इमेज केली, वेब पॅनल ठेवूनही बसली. रात्री सगळी मुलं एकदम जोडलेली असताना रॅम किती उरते ते बघून इथे लिहीन. आणखी कुणाकडे व्ही१३ वर २४.१० असेल तर गर्दीच्या वेळचा अनुभव कळवा.