चित्रशाळेतून एमएफएकडे: समकालीन कलेच्या मास्टर्सबद्दल सल्ला हवा

रेखणी (मये, डिचोली)
नमस्कार. अल्तिन्होच्या गोवा कला महाविद्यालयातून पेंटिंगमध्ये बीएफए झालंय. घरी बाबांची गणपतीच्या मूर्ती घडवायची चित्रशाळा, त्यामुळे पाऊस लागला की चवथीपर्यंत माझे हात मातीतच. आता मास्टर्स (एमएफए) करायचं मनात आहे. बडोदा, शांतिनिकेतन, आणि फारच जमलं तर लंडन. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये 'कंटेम्पररी आर्ट प्रॅक्टिस' नावाचाच कोर्स आहे. पण या कोर्सेसची माहिती वाचली की सगळीकडे प्रॅक्टिस आणि रिसर्च. चित्र कधी काढायचं ते काही कळत नाही. अर्जासोबतचं, आपल्या कामाबद्दलचं स्टेटमेंट लिहायला बसले की प्रत्येक वाक्य खोटं वाटतं. आई म्हणते, हायस्कुलात ड्रॉइंग टीचर हो आणि सुखात राहा. हे शिक्षण घेतलेलं कोणी इथे आहे का?

पिंपळकट्टा
डिग्रीचं काय घेऊन बसलीस गो? साळगावच्या चित्रकार सोझाला १९४५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलं होतं, त्याचं काही अडलं? आर्टिस्ट सुबोध केरकर तर मुळात डॉक्टर. पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा उभं केलंच ना?

जुनाब्रश (म्हापसा)
पिंपळकट्टाबाब, हा विषय निघाला की सोझा येतोच! त्याच जेजेतून चित्रकार गायतोंड्यांनी १९४८ साली डिप्लोमा पुरा केला. मडगावचे लक्ष्मण पै तिथेच शिकले, आणि पुढे १९७७ ते १९८७ आपल्याच गोवा कॉलेजचे प्राचार्य होते. नावं दोन्ही बाजूंनी काढता येतात, त्यावरून हिने काय ठरवायचं?

बाय, मी मास्टर्स बडोद्याला केलं. चित्र काढायला तिथे कोणी शिकवत नाही, ते येतं असंच धरून चालतात. मिळतं काय, तर दोन वर्षं स्टुडिओत एक भिंत, आणि त्या भिंतीसमोर उभं राहून तुला प्रश्न विचारणारी माणसं. क्रिटिक असते त्या दिवशी वर्गातली मुलं तुझ्या कामावर बोलतात आणि तू गप्प ऐकायचं. सफाईदार हात असलेल्यांना हे जास्त झोंबतं. "छान रंगवलंय, पण का रंगवलंय?" यावर आम्ही सगळेच छताकडे बघायचो. शिवाय प्रबंध लिहायचा, शेवटी डिस्प्ले लावायचा, व्हायवा द्यायची.

स्टेटमेंट खोटं वाटतंय, कारण तू बहुतेक 'माझी कला मानव आणि निसर्गाच्या नात्याचा शोध घेते' असलं काहीतरी लिहितेस. ते फाडून टाक. माती कुठून येते, श्रावणातल्या दमट हवेत ती सुकता सुकत नाही तेव्हा काय करता, तडा गेला की बाबा तो कसा बुजवतात, डोळ्यांची रेखणी कोण करतं, हे लिही. लोक आपापला पाट चित्रशाळेत आणून ठेवतात ना? कोणत्या घरचा गणपती केवढा, कसा बसलेला, हे बाबांना तोंडपाठ असणार. कुठल्या वहीत लिहून ठेवलं असेल तर त्या वहीचे फोटो आजच काढ. कच्च्या मातीची मूर्ती महिनोन्महिने घडवायची आणि दीड दिवसात पाण्यात सोडायची, हे तू लहानपणापासून बघतेस. गोव्यात पीओपीच्या मूर्तींवर बंदी आहे, तरी बाजारात त्या येतात आणि चित्रशाळेच्या हिशोबावर त्याचा परिणाम होतो. समकालीन म्हणतात ते आणखी काय असतं?

मात्र 'पारंपरिक कलाकाराची मुलगी' म्हणून मिरवू नकोस. ज्युरी विचारेलच, मूर्ती गॅलरीत कशाला आणायची? उत्तर नसेल तर आणू नकोस. नुसते रिकामे पाट मांड.

आता पैसे. इंग्लंडमधलं मास्टर्स बहुधा एका वर्षाचं असतं आणि परदेशी मुलांना फी तिथल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त. माझं मत विचारशील तर एक वर्ष अपुरं पडतं, अर्धं तर घर शोधण्यात जातं. जायचंच असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, तिचे सध्याचे नियम पर्वरीला जाऊन विचार. आईला सांग, कला महाविद्यालयात शिकवायचं तर ५५ टक्क्यांनी मास्टर्स आणि नेट ही पात्रता परीक्षा लागते. व्हिज्युअल आर्ट्स हा नेटचा विषय आहे. म्हणजे नोकरीची वाट या बाजूनेही आहेच.

तांबडीवाट (फोंडा)
जुनाब्रशशी सहमत, फक्त बडोद्याचं कौतुक थोडं कमी करा राव. शांतिनिकेतनात १ आणि २ डिसेंबरला नंदन मेळा असतो, कलाभवनाची, म्हणजे तिथल्या कला विभागाची मुलं आपलं काम मांडून विकतात. जाऊन बघ, कॉलेजची हवा कळेल. आणि डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव असतो, तिथे नुसती बघत फिरू नकोस, इन्स्टॉलेशन बांधणाऱ्यांच्या हाताखाली काम मिळतंय का बघ.

रेखणी
सगळ्यांना देव बरें करूं! जुनाब्रशदादा, वही खरंच आहे, आजोबांच्या वेळची. पण तिच्यात गिऱ्हाइकांची नावं आहेत, कोणी किती पैसे थकवले तेही आहे. पोर्टफोलिओत घातली तर चालेल?

जुनाब्रश (म्हापसा)
नावं झाक, थकबाकी राहू दे. आणि आधी बाबांना विचार, नाहीतर गावात तुमचंच काम बंद पडेल.