बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणाचे अंतिम तापमान: माझे उत्तर २४ येते, पुस्तकात ८ आहे

हर्णैचा विद्यार्थी (इयत्ता दहावी)

नमस्कार. मी या वर्षी कोकण मंडळाची दहावीची परीक्षा देणार आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधील ‘उष्णता’ या पाठावरची उदाहरणे सोडवताना एका ठिकाणी अडलो आहे. प्रश्न असा आहे: उष्णतारोधक भांड्यात ३० अंश सेल्सिअस तापमानाचे ४०० ग्रॅम पाणी आहे. त्यात ० अंश सेल्सिअस तापमानाचा १०० ग्रॅम बर्फ टाकला, तर मिश्रणाचे अंतिम तापमान किती होईल? भांड्याने दिलेली उष्णता विचारात घ्यायची नाही.

मी उष्णता विनिमयाचे तत्त्व वापरले. अंतिम तापमान ‘क्ष’ मानून पाण्याने गमावलेली उष्णता ४०० × (३० − क्ष) आणि बर्फाने ग्रहण केलेली उष्णता १०० × क्ष असे लिहिले. दोन्ही समान धरल्यावर क्ष = २४ अंश येते. आकडेमोड मी तीन वेळा तपासली, तिच्यात चूक नाही. तरीही पुस्तकातील उत्तर ८ अंश आहे. बर्फ शून्य अंशावरच आहे आणि तो वितळून होणारे पाणीही शून्य अंशावरच असते, मग एवढा फरक कोठून येतो, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. केवळ सूत्र पाठ करून मला पुढे जायचे नाही.

मालवणची विद्यार्थिनी (इयत्ता दहावी)

तुझी आकडेमोड बरोबर आहे, परंतु तू वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर काढले आहेस. भांड्यात बर्फाऐवजी ० अंशाचे १०० ग्रॅम पाणी ओतले असते, तर उत्तर २४ अंशच आले असते. बर्फाला मात्र तापमान वाढण्याआधी वितळावे लागते आणि वितळत असताना तो घेत असलेली उष्णता तापमापीवर दिसत नाही. हाच अप्रकट उष्मा. बर्फासाठी तो ८० कॅलरी प्रति ग्रॅम आहे (१ कॅलरी म्हणजे १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला लागणारी उष्णता). ही उष्णता रेणूंमधील बंध सैल करण्यात खर्ची पडते, म्हणून तापमान शून्यावरच थांबून राहते. पाठातील तापमान आणि वेळ यांच्या आलेखात जी आडवी रेषा आहे, ती हीच.

म्हणून बर्फाची बाजू दोन पदांची लिहायची: वितळण्यासाठी १०० × ८० = ८००० कॅलरी आणि त्यानंतर शून्यापासून अंतिम तापमानापर्यंत जाण्यासाठी १०० × क्ष. समीकरण ४०० × (३० − क्ष) = ८००० + १०० × क्ष असे होते. त्यावरून ५०० × क्ष = ४०००, म्हणजे क्ष = ८ अंश सेल्सिअस. उत्तरपत्रिकेत उष्णता विनिमयाचे तत्त्व आधी शब्दांत लिही आणि शेवटी एकक विसरू नकोस. माझा अर्धा गुण सहामाहीत केवळ एककापायी गेला होता.

हर्णैचा विद्यार्थी

मनापासून आभार. आता ८ अंश कसे आले ते समजले. मग मी स्वतःच प्रश्न बदलून पाहिला आणि पाणी तेवढेच ठेवून बर्फ २०० ग्रॅम घेतला. १२००० मधून १६००० वजा केल्यावर उणे ४००० उरतात, त्यांना ६०० ने भागल्यावर अंतिम तापमान उणे ६.६७ अंश येते. ३० अंशाचे पाणी आणि ० अंशाचा बर्फ एकत्र केल्यावर दोन्हींपेक्षा थंड मिश्रण तयार होणे शक्य नाही, एवढे मला कळते. मग समीकरणात नेमके काय चुकले?

मत्स्य महाविद्यालय, शिरगाव येथील विद्यार्थी

हा प्रश्न स्वतःहून विचारलास याचा आनंद वाटला, कारण या प्रकारच्या उदाहरणांचे मर्म याच ठिकाणी आहे. समीकरण मांडताना तू एक गोष्ट न सांगता गृहीत धरलीस, ती म्हणजे सगळा बर्फ वितळेल. तो वितळेल की नाही, हे आधी तपासावे लागते. ४०० ग्रॅम पाणी ३० अंशांपासून शून्यापर्यंत आले, तर जास्तीत जास्त १२००० कॅलरी देऊ शकते. २०० ग्रॅम बर्फ पूर्ण वितळण्यासाठी १६००० कॅलरी लागतात. तेवढी उष्णता उपलब्धच नाही, त्यामुळे १२००० ÷ ८० = १५० ग्रॅम बर्फ वितळतो, ५० ग्रॅम बर्फ तसाच तरंगत राहतो आणि अंतिम तापमान ० अंश सेल्सिअस असते. उणे उत्तर आले, याचा अर्थ गृहीतक कोसळले आहे. परीक्षेत असे उदाहरण आले, तर या दोन राशींची तुलना उत्तराच्या पहिल्या ओळीत करावी.

तू हर्णैचा आहेस म्हणून बंदरावरचेच उदाहरण देतो. गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या उतरवून, फोडून मासळीच्या थरांमध्ये पसरताना तू पाहिल्या असशीलच. समज, ३० अंश तापमानाचे १० किलो बांगडे ५ अंशांपर्यंत थंड करायचे आहेत. मासळीची विशिष्ट उष्माधारकता (१ ग्रॅम पदार्थ १ अंशाने तापवायला लागणारी उष्णता) पाण्यापेक्षा थोडी कमी, सुमारे ०.८ कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस धरली, तर १०००० × ०.८ × २५ = २ लाख कॅलरी काढून घ्याव्या लागतील. हे काम शून्य अंशाच्या पाण्याकडून करून घ्यायचे ठरवले, तर प्रत्येक ग्रॅम पाणी शून्यापासून पाच अंशांपर्यंत तापताना फक्त ५ कॅलरी घेईल, म्हणजे ४० किलो पाणी लागेल. बर्फाचा प्रत्येक ग्रॅम आधी ८० आणि नंतर ५ अशा ८५ कॅलरी घेतो, त्यामुळे अडीच किलोपेक्षाही कमी बर्फ पुरतो. तापमान दोघांचे सारखेच, काम मात्र सतरा पट. तुझ्या २४ आणि ८ यांमधील अंतर याच कारणाने पडले आहे.

प्रत्यक्षात एवढ्या बर्फात भागत नाही, कारण खोक्याच्या बाजूंनी बाहेरची उष्णता सतत आत शिरत असते. उष्ण प्रदेशात बर्फ आणि मासळी यांचे प्रमाण साधारणपणे एकास एक ठेवावे, असे आम्हाला शिकवले जाते. घरी कोणी बर्फ कमी घालून खर्च वाचवण्याचे म्हणत असेल, तर त्यांना हे गणित अवश्य दाखव.

मालवणची विद्यार्थिनी

दादा, उष्णता आत शिरण्याचा विषय निघाला म्हणून विचारते. आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत याच प्रश्नातील राशी घेऊन प्रयोग केला. तांब्याचा मोठा कॅलरीमापी (उष्णता मोजण्याच्या प्रयोगाचे भांडे), त्यात ३० अंशांचे ४०० ग्रॅम पाणी आणि तोलून घेतलेला १०० ग्रॅम बर्फ. बर्फ पूर्ण वितळल्यावर तापमापीने ११ अंश दाखवले. आम्ही तो प्रयोग दोनदा केला आणि दोन्ही वेळा जवळजवळ तेच आले. तापमापी बिघडलेला नव्हता, कारण वितळत्या बर्फात तो शून्यच दाखवत होता. तीन अंशांची चूक मला फार मोठी वाटते.

विज्ञान शिक्षक, राजापूर

मुलांनो, तुमची चर्चा वाचून समाधान वाटले. तीन अंशांची ही चूक शोधण्याजोगी आहे, कारण तिच्यातील प्रत्येक वाटा मोजता येतो.

पहिला वाटा बर्फाच्या ओलेपणाचा. बर्फ तराजूवर ठेवेपर्यंत त्याच्या अंगावर पाणी सुटलेले असते. तुमच्या १०० ग्रॅमपैकी १० ग्रॅम जरी आधीच पाणी झालेले असेल, तरी वितळण्यासाठी लागणारी उष्णता ८००० ऐवजी ७२०० कॅलरीच राहते आणि अंतिम तापमान ९.६ अंश येते. म्हणून बर्फ टाकण्याच्या क्षणी टिपकागदाने किंवा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा आणि त्याचे वस्तुमान आधी न मोजता, प्रयोगानंतर मिश्रणाच्या वाढलेल्या वजनावरून काढावे.

दुसरा वाटा कॅलरीमापीचा. तोही ३० अंशांवरच होता. त्याचे वस्तुमान २०० ग्रॅम आणि तांब्याची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ०.०९ धरली, तर तो १८ ग्रॅम पाण्याएवढा ठरतो. ८ अंशांचे उत्तर तेवढ्याने पावणेनऊच्या आसपास सरकते. ओला बर्फ आणि कॅलरीमापी ही दोन्ही कारणे एकत्र धरली, तर हिशेब १०.३ अंशांवर पोहोचतो.

उरलेला वाटा आपल्या हवेचा आहे आणि कोकणातल्या विद्यार्थ्यांनी तो विशेष लक्षात घ्यावा. कॅलरीमापीच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते का, ते आठवून पाहा. खोलीतील हवेचे दवबिंदू तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते, २२ अंश असेल आणि भांड्याचा पृष्ठभाग ११ अंशांवर गेला असेल, तर हवेतील बाष्पाचे त्यावर संघनन होणारच. पाण्याची वाफ होताना प्रत्येक ग्रॅम ५०० कॅलरींहून अधिक उष्णता घेतो आणि संघननाच्या वेळी तेवढीच परत देतो. तुमच्या भांड्यात एकूण ५०० ग्रॅम पाणी होते. ते एक अंशाने तापवायला ५०० कॅलरी पुरतात. म्हणजेच भांड्यावर जेमतेम एक ग्रॅम दव जमले, तरी आतले पाणी जवळजवळ एक अंशाने तापू शकते. दव मुलांना पाठातील आर्द्रतेच्या भागात भेटते आणि मिश्रणाची उदाहरणे वेगळ्या भागात, त्यामुळे दोन्हींचा संबंध बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

यावर एक उपाय आहे. सुरुवातीचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा जितके अधिक, तितकेच अंतिम तापमान कमी असावे, अशी योजना करावी. खोली ३० अंशांवर असेल, तर ४० अंशांचे ४०० ग्रॅम पाणी घ्या आणि ८० ग्रॅम कोरडा बर्फ टाका. पाण्याने गमावलेली उष्णता ४०० × २० = ८००० आणि बर्फाने घेतलेली ८० × (८० + २०) = ८०००, म्हणून भांडे न धरता उत्तर नेमके २० अंश येते. कॅलरीमापी धरल्यास ते २०.७ होते. पहिल्या अर्ध्या वेळात भांडे खोलीला उष्णता देते आणि दुसऱ्या अर्ध्यात जवळपास तेवढीच परत घेते. शिवाय २० अंश हे दवबिंदूच्या फारसे खाली नसल्यामुळे दवही अगदी थोडे जमते.

हर्णैचा विद्यार्थी

सर, एक शंका आहे. उत्तर कॅलरीत लिहावे की ज्यूलमध्ये?

विज्ञान शिक्षक, राजापूर

प्रश्नात ज्या एककात किमती दिल्या असतील, त्याच एककात. रूपांतर मागितलेच, तर १ कॅलरी = ४.१८ ज्यूल. एकाच समीकरणात दोन्ही एकके मिसळू नयेत.

मालवणची विद्यार्थिनी

सर, आज तासानंतर आम्ही तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रयोग केला. बर्फाचा प्रत्येक तुकडा पुसून टाकला, कॅलरीमापी लोकरीत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवला आणि बर्फाचे वस्तुमान शेवटी वजनातील फरकावरून काढले; ते ८१ ग्रॅम भरले. तापमापीने शेवटी २१ अंश दाखवले. लोकर काढून हात फिरवला तेव्हा भांड्याच्या बाजू कोरड्या होत्या. तळाशी मात्र बोटाला किंचित ओल लागली. ते दव होते की बर्फ टाकताना सांडलेले पाणी, हे आम्हाला ठरवता आले नाही, म्हणून सोमवारी भांड्याखाली कोरडा टिपकागद ठेवून प्रयोग पुन्हा करणार आहोत.